त्या दिवशी ओ कोणी दिली

शिरखार,
फाल्गुन वद्य चतुर्थी, शके १८५७

प्रिय गोदू,

तुझ्या नावामागे चिरंजीव, सौभाग्यवती असं सगळं लिहायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण लेखणी हातात घेतली की अजून मला पाटीवर 'ग' काढून दाखवणारी गोदूच दिसते. तू शाळेतून यायचीस तेव्हा मी भात पाखडत बसलेली असायचे. तू सुपाशेजारी पाटी ठेवायचीस आणि मास्तरांसारखा आवाज काढून म्हणायचीस, "आये, आता तू काढ." तू शिकवलेल्या अक्षरांतच आज तुला लिहिते आहे. ती कुठे वाकडी आली तर शिकवणारीचा त्यात दोष नाही.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तीनदा वाचलं. तुझे बा मुंबईहून आगबोटीनं मोऱ्याला उतरले आणि चालत तुझ्या दारी आले, हे वाचताना पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. दुसऱ्या वेळी सगळं दिसलं. त्यांच्या हातातलं गाठोडं दिसलं, तो खोकला ऐकू आला. तू लिहितेस, 'पाय आधीपेक्षा जास्त ओढत होते, गोदीत पुन्हा कुठे पडले असतील.' त्यांनी पाणी मागितलं, तू तांब्या अंगणातल्या दगडावर ठेवलास आणि उंबऱ्यात उभी राहिलीस, पण या म्हणाली नाहीस. त्यांनी फडक्यात बांधून आणलेला पाव तू त्यांच्यासमोर कोंबड्यांना टाकलास. जाताना त्यांनी विचारलं, "मनू बरी हाय ना?" आणि तू म्हणालीस, "तिचा नाव तुमी घेऊ नका." शेवटी तू लिहिलं आहेस, 'आये, तुझा सूड मी घेतला. आता तरी तुझ्या जिवाला बरं वाटेल.' अजून ते मोऱ्यालाच आहेत, मिठाच्या वखारीच्या ओट्यावर निजतात, असं जावईबापूंना कोणी सांगितलं, तेही लिहिलंस.

बाळ, तू जे केलंस ते माझ्यावरच्या मायेपोटी केलंस. तुला मी एका शब्दानं बोलणार नाही. फक्त पावाचं वाचून वाईट वाटलं. तुला आठवतं का, ते सणाला यायचे तेव्हा तू बांधावर जाऊन उभी राहायचीस आणि पाव त्यांच्या हातात नसेल तर घरी चल म्हणायची नाहीस. पाय का ओढता म्हणून तू विचारायचीस तर म्हणायचे, "गोदीतल्या गोनीनं लाथ मारली." मग तू दिवसभर गोणीची लाथ कशी असते ते अंगणात उड्या मारून दाखवायचीस. ते हसायचे. मी चुलीपाशी असायचे. मी हसत नसे, हे तेव्हा तुझ्या ध्यानात आलं नसेल.

इकडचं म्हणशील तर सगळं बरं आहे. राता भात यंदा भरघोस आला. बांधाच्या आत खारं पाणी कुठे झिरपलं नाही. तळ्यातला जिताडा हातभर झाला आहे. तू आलीस की काढू म्हणून ठेवला होता, पण तो आता माझ्या पावलांचा आवाज ओळखून काठाशी येतो, त्यामुळे काढायचं मन होईल असं वाटत नाही. माझे गुडघे दुखतात. चिखलाची पाटी डोक्यावर घेतली की उजवा गुडघा आधी वाकतो आणि सगळ्या बायका म्हणतात, "मनू आता म्हातारी झाली गो." चव्वेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. पण तेवीस पावसाळे चिखल वाहिला की हाडं आपला वेगळा हिशेब धरत असतील.

बांधाची रीत तुला ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आपली खार म्हणजे खाडीच्या तोंडातून काढलेली जमीन. बांध राहिला तर ती आहे, नाहीतर नाही. म्हणून वर्षातून दोनदा, आणि खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तर त्या क्षणी, प्रत्येक वाट्यामागे एका माणसानं बांधावर यायचं. गावकीचे भागोजी वाट्याचा पुकारा करायचे, त्याला ओ द्यायची आणि आपली पाटी टाकायची. बारा पावसाळे खंड न पडता ज्यानं ओ दिली, वाटा त्याचा. कागदावर कोणाचंही नाव असो, शिरखारची गावकी एवढंच मानते. तू तीन वर्षांची असताना तुझे बा मुंबईला गोदीत गेले. त्या पावसाळ्यापासून तुझ्या आज्याच्या वाट्याला मी ओ देऊ लागले. बायकोनं दिलेली ओ नवऱ्याची धरायची की तिची, यावर तेव्हा खूप बोलणं झालं. भागोजी म्हणाले, "चिखल काय बाप्याचा न् बायकोचा येगला असतो? जो वाहील तेचा." तिथे ते बोलणं संपलं.

आता त्या पाचव्या पावसाळ्याकडे येते. तू सासरी सगळ्यांना सांगतेस, हे मला जावईबापूंकडून कळलं आहे. नारळी पुनवेच्या उधाणाला भर दुपारी खांड गेली, आणि माझी आय, तीन दिवसांची बाळंतीण, पोटचं पोर गेलेलं, उठून खांडीत छातीभर पाण्यात उभी राहिली आणि तिनं गावाची खार वाचवली. तुझ्या नणंदा म्हणे हे ऐकून रडल्या. तू तेव्हा सात वर्षांची होतीस, मावशीकडे होतीस. तू परत आलीस तोवर महिना उलटला होता आणि त्या दिवसांविषयी आपल्या घरात कोणी बोलत नसे. ती गोष्ट तू पहिल्यांदा ऐकलीस ती पंधराव्या वर्षी, खळ्यावर, पेंढ्याच्या उडवीआड लपून. माझ्या तोंडून ऐकलीस, म्हणून ती तुला खरी वाटली.

तुला भाऊ झाला होता. एक दिवस जगला. तुझे बा मला बघायला म्हणून मुंबईहून आले ते नेमके त्याच दिवशी. त्यांनीच त्याला उचलून नेलं आणि आपल्या खारीत, बांधाच्या आतल्या अंगाला, तिवराच्या जुन्या खुंटाजवळ ठेवलं. घरी आले तेव्हा हात धुतलेले होते, पण नखांत चिखल होता. दोन दिवसांनी खांड गेली ती त्या जागेपासून चार हातांवर. बांधावरून आरोळी आली तेव्हा मी उठायला लागले. त्यांनी मला खांद्याला धरून परत निजवलं. म्हणाले, "तू नीज. मी जातो."

संध्याकाळी त्यांना चौघांनी धरून आणलं. खांडीच्या बुडाशी माणसं एकमेकांना धरून उभी राहतात, मागून बाकीचे चिखल टाकतात, हे तू पाहिलं आहेस. पाण्याच्या लोटानं ते खाली ढकलले गेले आणि तो तिवराचा खुंट पोटरीतून आरपार गेला. तरी पाणी अडेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. गोणीची लाथ ती ही, गोदू.

मी त्या दिवशी बिछान्यात होते. खांडीत मी कधीच उभी नव्हते.

आता तू पत्र खाली ठेवशील. थोडा वेळ ठेव, मग पुढचं वाच.

तू पंधराची झालीस त्या माघात तुझे बा आले ते तुझ्या रावजी काकांना बरोबर घेऊन. कोणा मिठागरवाल्या शेठला खाडीकडचे वाटे हवे होते. तिथे भात काढून मिठाचे वाफे करायचे होते. तुझे बा त्या दुपारी ओटीवर बसून माझ्याशी इतकं बोलले की लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून तेवढं बोलले नसतील. माझगावला दोन खणांची खोली पाहिली होती. नळ दारातच होता. चूल कुठे मांडायची, तू लग्न होऊन गेलीस तरी माहेरपणाला आलीस की कुठे निजशील, हे त्यांनी जमिनीवर बोटानं आखून दाखवलं. म्हणाले, "बस झाला आता चिखल. आपली खार देऊन टाकू." मी म्हणाले, "माझी खार." ते म्हणाले, "आपली म्हन ना." मी म्हणाले, "बारा पावसाळे झाले. माझी."

त्या एका शब्दावरून ते गावकीपर्यंत गेलं. मी तेव्हा तुला सांगितलं, तुझा बापूस आपल्या तोंडचा घास विकायला निघाला आहे. त्यांनी आखलेली खोली मी तुला कधी सांगितली नाही. आणि मला खार का सुटत नव्हती, तेही कोणाला सांगितलं नाही. मिठाचे वाफे करायचे म्हणजे आधी बांधाच्या आत खारं पाणी घ्यायचं. तो खुंट, ती जागा, सगळं त्याखाली जायचं. तुझे बा गावी आले की त्या कोपऱ्याकडे कधी फिरकत नसत. मला वाटायचं, हे विसरले. मी रोज तिथे जात होते आणि त्यांना तिकडे बघवत नव्हतं. एवढं साधं मला तेव्हा समजलं नाही.

खळ्यावर भागोजी बोटं मोजत एकेक पावसाळा विचारत होते, आणि लोक म्हणत होते, मनू, मनू, मनू. पाचव्या बोटाला रावजी काका उठले. "थांब भागोजी. खांड गेली तवा ही बालतीन व्हती. बांधावर माजा भाव व्हता. तो साल तेचा. मोडली बारा वरसां!" कोणीतरी मागून ओरडलं, "रावजी, शेठनं तुला मिठाचा मुकादम करायचा कबूल केलाय काय रं?" सगळे हसले. भागोजी हसले नाहीत. ते तुझ्या बांकडे वळले आणि म्हणाले, "तू सांग. त्या दिवशी ओ कोनी दिली?" त्यांनी बोलायला तोंड उघडलं. आणि त्यांचा शब्द बाहेर पडायच्या आत मी बोलले. म्हणाले, "हे तवा गावातच नव्हते. मी गेलते. खांडीत मी उभी व्हते."

रावजी काका म्हणाले, "अगो, तीन दिसांची बालतीन?"

मी म्हणाले, "तीन दिसांचीच."

खळ्यावर चाळीस माणसं होती. त्यांतली निम्मी त्या दिवशी त्यांच्या खांद्याला खांदा लावून पाण्यात होती. एकानंही तोंड उघडलं नाही. मधल्या एका खारीत मीठ पिकू लागलं तर शेजारचा राता जळतो, हे प्रत्येकाला दिसत होतं. गावाला माझं खोटं हवं होतं. मी तुझ्या बांकडे पाहिलं. त्यांचं तोंड तसंच उघडं होतं. मग त्यांनी ते मिटलं, स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "ती म्हनते तसाच." भागोजींनी सोडचिठ्ठीचं विचारलं, "मग काडी मोडायची काय?" ते म्हणाले, "कनाला मोडायची?" आणि निघाले. लंगडत खळं ओलांडेपर्यंत सगळा गाव त्यांच्या पायाकडे बघत होता. तू उडवीआडून धावत आलीस आणि माझ्या कमरेला मिठी मारलीस. तुला माझा अभिमान वाटत होता. मी तुला दूर केलं नाही. त्याच वैशाखात तुझं लग्न झालं आणि अक्षता टाकायला ते आले नाहीत. तुला वाटलं, लाजेनं आले नाहीत. लाज माझी होती.

अकरा वर्षं मी एकच गोष्ट मनात घोळवली. ते काय बोलणार होते? मी स्वतःला सांगत आले, दुसरं काय बोलणार, 'मी दिली' म्हणाले असते. बापाचा वाटा, पुकारा झाला, त्यांनी आपल्या नावानं ओ दिली असणार, साल त्यांचं झालं असणार, खार गेली असती. मी खोटं बोलले म्हणून ती जागा राहिली. रोज तिथे जाऊन बसताना हेच म्हणत आले.

तुझं पत्र वाचून काल सकाळी भागोजींकडे गेले. त्यांचे डोळे आता गेले आहेत. अंगणात काथ्या वळत बसतात. पुकारा आता त्यांचा मुलगा सदा करतो. मी म्हणाले, "भागोजी, मी खळ्यावर खोटं बोलले होते." ते म्हणाले, "त्या काथ्याला पानी लाव जरा. सुकला." मी पाणी लावलं. मग म्हणाले, "मना काय, अख्ख्या गावाला ठाव हाय. पन एक तुला पन ठाव न्हाय." आणि सांगू लागले. "खांडीत पान्याचा आवाज एवडा व्हता का बाजूच्याचा ऐकू येत नव्हता. मी पुकारा केला. त्याची ओ मना एकल्यालाच ऐकाया आली. काय म्हनला सांगू? 'मनूच्या नावानं, हाय!' मना हसू आला. बाप्या असून चारचौघांत बायकोचा नाव घेतो म्हनून. पन हसाया येल कुठं व्हता."

गोदू, आजाऱ्याच्या नावानं घरच्या माणसानं ओ दिली तर साल आजाऱ्याचंच धरतात. ही रीत मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होती. मी फक्त एकदा गप्प बसायला हवं होतं, त्यांना ते एक वाक्य बोलू द्यायला हवं होतं. खार माझीच राहिली असती. आणि रागावून का होईना, ते ओटीवर परत येऊन बसले असते.

मी भागोजींना विचारलं, तुम्ही का बोलला नाहीत. तेव्हा म्हणाले, "तू म्हनलीस तो गावातच नव्हता. मग आता मी काय म्हनू, मनू खोटी? गावकीसमोर खोटा बोलला त्याचा वाटा गावकी काढते. त्यानं तोंड मिटला त्यासाठीच. मी पन मिटला." काथ्याची गाठ मारता मारता पुढे म्हणाले, "आता गप ऱ्हा. मी मेलो का ही गोष्ट बी मेली. तुजी खार तुजी."

नाही, गोदू. मी त्यांना सांगून आले आहे. येत्या चैत्र वद्य अष्टमीला उधाण नसेल, भांगेचं पाणी उतरलेलं असेल, तेव्हा बांधाचं काम आहे. सगळा गाव जमला की मी हे बोलणार आहे. वाटा माझ्याकडून जाईल आणि त्यांच्या नावावर परत येईल. मग त्यांनी ठेवली काय, विकली काय, मी काही म्हणणार नाही. त्या कोपऱ्याचं त्यांना काही सांगायची गरज नाही. तो माझ्याआधी त्यांनीच राखला होता.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. मिळाल्या पावली मोऱ्याला जा. वखारीच्या ओट्यावर ते असले तर त्यांचा हात धरून घरी आण, आत बसव, आतल्या माठातलं पाणी दे. माझ्याविषयी काही सांगू नकोस, हे पत्र वाचून दाखव, तेवढं पुरे. आणि अष्टमीला त्यांना इकडे घेऊन ये. सदा आपल्या वाट्याचा पुकारा करील तेव्हा मी बांधावर असेन, पण तेवीस वर्षांत पहिल्यांदा ओ देणार नाही. खोकल्यानं त्यांना उभं राहवलं नाही तर त्यांच्या जागी तू उभी राहा. लेक सासरची असली तरी घरचीच धरतात, भागोजींना विचारून ठेवलं आहे. आणि ते मोऱ्याला नसतील, किंवा तुला उशीर झाला असेल, तरी तू ये. मी जन्मात त्यांचं नाव तोंडानं घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा लाजून अडखळले होते. लिहिण्याला दोष नसावा, म्हणून लिहिते. पुकारा झाला की म्हण, 'हरेश्वरच्या नावानं, हाय!' मोठ्यानं म्हण, गोदू. पाण्याचा कितीही आवाज असला तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण.

तुझीच,
आय